दूध बंद करण्यापूर्वी

अठ्ठावीस आठवड्यांनी जन्मलेले किलोभर वजनाचे बाळ पहिले दोन आठवडे तगते. श्वासाची नळी निघते, पोटात सोडलेल्या बारीक नळीवाटे आईचे दूध एकेका मिलिलिटरने वाढत जाते, वजनाचा काटा हलू लागतो. धोका सरला असे वाटू लागावे, नेमक्या त्याच सुमारास पोट फुगते, नळीतून हिरवट पित्त परत येते, शीमध्ये रक्ताची रेघ दिसते. नवजात अतिदक्षता विभागातल्या सगळ्यांच्या मनात तेव्हा एकच नाव येते: नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस, रोजच्या बोलण्यात एनईसी. यात आतड्याची भिंत सुजते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती जागोजागी मरत जाते. कधी तिला भोक पडून आतला मळ पोटाच्या पोकळीत उतरतो. दीड किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळांपैकी साधारण ५ ते १० टक्के बाळांना हा आजार होतो आणि त्यांतली २० ते ३० टक्के दगावतात. शस्त्रक्रियेची वेळ आली तर मृत्यूचे प्रमाण आणखी चढते. वाचलेल्या काही बाळांचे इतके आतडे कापावे लागते, की पुढे महिनोन् महिने शिरेवाटे पोषण द्यावे लागते. इतका क्रूर आजार असल्याने त्याच्या संशयावरच उपचार सुरू होतात, आणि ते स्वाभाविक आहे. अडचण अशी, की पोट फुगलेली बरीच बाळे या आजाराची नसतातच. अपुऱ्या दिवसांच्या आतड्याची हालचाल मुळात मंद असते, श्वासाला आधार म्हणून नाकावाटे दाबाने दिलेली सीपॅपची हवा पोटात जाऊन ते तट्ट फुगते, रक्तातल्या जंतुसंसर्गानेही आतडे थबकते.

या गोंधळातून वाट काढण्यासाठी बाळाला सुई न टोचता, त्याला न हलवता निदान करता यावे, हा ध्यास नवजातशास्त्राने गेली काही दशके घेतला आहे. त्यामागचे कारण हळवेपणाचे नाही, हिशोबाचे आहे. किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून ८० ते १०० मिलिलिटर रक्त असते. तपासणीसाठी एक मिलिलिटर काढले तरी शंभरातला एक हिस्सा गेला. प्रौढ माणसाच्या मापाने तो ५० मिलिलिटरचा घोट होतो. दिवसातून दोनतीनदा रक्त घेतले की पंडुरोग ठरलेलाच. अमेरिकेत ५९८ बाळांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर तीव्र पंडुरोग, म्हणजे हिमोग्लोबिन ८ किंवा त्याहून खाली, याचाच एनईसीशी संबंध आढळला. ज्या आजाराचा शोध घ्यायचा, त्याचा धोका तपासणीनेच वाढण्याची ही शक्यता आहे. म्हणून लंगोटातली शी, कापसाच्या बोळ्यात टिपलेली लघवी, पोटावरून फिरणारा सोनोग्राफीचा प्रोब, त्वचेवर चिकटवलेला प्रकाशाचा संवेदक, या साधनांकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत. साधने भरपूर झाली आहेत. माझे म्हणणे असे आहे, की त्यांना आपण नीट प्रश्न विचारलेला नाही. ‘हा आजार कोणाला होणार?’ या भाकिताच्या मागे बहुतेक संशोधन धावले. पाळण्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरला मात्र ‘या फुगलेल्या पोटात तो आजार नाही, असे मी भरवशाने म्हणू शकतो का?’ याचे उत्तर हवे असते.

आज निदानाचा कणा आहे तो पोटाचा एक्स-रे. त्यात आतड्याच्या भिंतीत शिरलेल्या हवेचे बुडबुडे दिसले, किंवा यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत हवेच्या रेघा दिसल्या, तर आजार जवळजवळ नक्की. पोटाच्या पोकळीत सुटी हवा दिसली तर आतडे फुटले आहे. पण या तिन्ही खुणा हवेच्याच आहेत. एक्स-रेला हवा दिसते. भिंत किती सुजली, तिच्यात रक्त खेळते आहे का, पोटात पाणी साचले आहे का, आतडे हलते आहे का, यांतले त्याला जवळपास काहीच दिसत नाही. त्यामुळे खूण दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवता येतो, पण दिसली नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही. मग दर सहा ते बारा तासांनी पुन्हा एक्स-रे काढत राहायचे आणि तज्ज्ञांनी त्याच चित्राकडे पाहून वेगवेगळे मत द्यायचे, असे चालते. मतभेद कमी व्हावेत म्हणून ड्यूक विद्यापीठात दहा पायऱ्यांची मोजपट्टी तयार झाली. तिने एक्स-रे वाचण्याची भाषा एकसारखी व्हायला मदत केली, तरी एक्स-रेला जे दिसतच नाही ते मोजपट्टीलाही दाखवता येत नाही.

त्याहून खोल अडचण व्याख्येची आहे, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचे सगळे वाद इथूनच निघतात. १९७८ साली अमेरिकेत सेंट लुइस इथल्या मार्टिन बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ बाळांच्या अनुभवावरून या आजाराचे तीन टप्पे पाडले: संशयित, निश्चित आणि प्रगत. उपचार कोणत्या बाळावर कोणते करायचे, हे ठरवणे हा त्यांचा हेतू होता. १९८६ साली वॉल्श आणि क्लीगमन यांनी या टप्प्यांचे पोटभाग केले आणि तेव्हापासून जगभर तीच चौकट वापरली जाते. तिचा दुसरा टप्पा प्रामुख्याने एक्स-रेवरच्या हवेवर उभा आहे. पहिल्या टप्प्यात मात्र श्वास थांबणे, नाडी मंदावणे, तापमान खालीवर होणे, पोट फुगणे अशी चिन्हे आहेत, आणि अपुऱ्या दिवसांच्या कोणत्याही आजारी बाळात ती दिसू शकतात. शिवाय पहिल्या आठवड्यात आतड्याला एकाच जागी आपोआप भोक पडण्याचा एक वेगळाच विकार असतो. त्याच्या एक्स-रेतही सुटी हवा दिसते, म्हणून तो तिसऱ्या टप्प्याच्या एनईसीत गणला गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. आता नवी चाचणी पारखायची तर कशाच्या कसोटीवर? खरी कसोटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या आतड्याच्या तुकड्याची. पण तो तुकडा शस्त्रक्रिया झालेल्या किंवा दगावलेल्या बाळाचाच मिळतो. उरलेल्या सगळ्या बाळांत नव्या चाचणीची तुलना होते बेलच्या टप्प्यांशी, म्हणजे ज्या एक्स-रेच्या उणिवा भरून काढायच्या त्याच एक्स-रेशी. ज्या बाळाची सूज सोनोग्राफीत दिसली आणि एक्स-रेत दिसली नाही, तिथे सोनोग्राफी ‘चुकली’ असे कागदावर लिहिले जाते. ब्रिटनमध्ये बाळ किती आठवड्यांचे जन्मले यानुसार बदलणारी व्याख्या पुढे आली, इतरत्रही सोप्या व्याख्या सुचवल्या गेल्या, आणि बेलची चौकट सोडून द्यावी असे उघडपणे मांडले गेले. सगळ्यांना मान्य होईल अशी व्याख्या अजून ठरायची आहे.

चाचणीचे यश कशात मानायचे, हे ठरवण्यासाठी खोट्या संशयाची किंमत आधी पाहू. संशय आला की दूध बंद होते, प्रतिजैविके सुरू होतात, मोठ्या शिरेत नळी घातली जाते आणि शिरेवाटे पोषण चालू होते. संशय खरा असेल तर हेच उपचार जीव वाचवतात. खोटा असेल तर? मोठ्या शिरेतली नळी जंतुसंसर्गाचा दरवाजा बनते. अमेरिकेतल्या १९ केंद्रांतल्या ४,०३९ अतिलहान बाळांचा अभ्यास २००९ साली आला. जंतू वाढल्याचा पुरावा नसताना पहिल्यांदा दिलेली प्रतिजैविके पाच दिवस किंवा जास्त लांबवली, त्या बाळांत पुढे एनईसी किंवा मृत्यू अधिक आढळला. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने प्रतिजैविकांनीच हे घडले असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण आजारी बाळांनाच ती जास्त दिवस दिली जातात. पण आतड्यातल्या जंतूंची घडी प्रतिजैविके विस्कटतात हे माहीत असताना तो इशारा झटकून टाकणेही बरोबर नाही. दुसरी किंमत दुधाची. ब्रिटनमधले ल्युकस आणि कोल यांनी १९९० साली ९२६ बाळांचा अभ्यास मांडला, तेव्हा केवळ पावडरच्या दुधावर असलेल्या बाळांत हा आजार केवळ आईच्या दुधावर असलेल्यांपेक्षा सहा ते दहा पट आढळला. म्हणजे संशयापोटी आपण जे थांबवतो, तेच या आजाराविरुद्धचे सर्वांत भरवशाचे कवच आहे. आणि ते पुन्हा सुरू करायला फक्त बाळाचे पोट तयार असून भागत नाही. बाळापासून दूर, धास्तावलेल्या आईने आठदहा दिवस पंपावर दूध काढत राहायचे, ते दूध बाळाच्या तोंडी लागत नाही हे पाहायचे. तिचा पान्हा आटला तर दोष कोणाचा?

या नजरेने शी आणि लघवीच्या चाचण्यांकडे पाहिले की त्यांची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही स्पष्ट होतात. आतड्याच्या आतल्या पेशी मरू लागल्या की त्यांच्यातले एक लहान प्रथिन, आय-एफएबीपी, रक्तात झिरपते आणि मूत्रपिंडातून लघवीत उतरते. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथल्या गटाने २०१० साली संशयित बाळांच्या लघवीत ते मोजून चांगली आशा दाखवली. त्यांनी संशयित बाळांमध्येच खरी-खोटी निवड करून पाहिली, हे मला विशेष मोलाचे वाटते. अभ्यास मात्र लहान होता. शीमधले कॅलप्रोटेक्टिन हे सुजेचे प्रथिन प्रौढांच्या पोटविकारात उपयोगी ठरले आहे. प्रौढांत प्रतिग्रॅम ५० मायक्रोग्रॅम ही नेहमीची मर्यादा. अपुऱ्या दिवसांच्या निरोगी बाळांत ते कित्येक पट जास्त असू शकते आणि बाळागणिक, आठवड्यागणिक बदलते. त्यामुळे प्रत्येक अभ्यासाची मर्यादा वेगळी निघते. अमेरिकेतल्या लुइझियाना आणि मिसुरी राज्यांतल्या १३६ बाळांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात शीमधल्या आतड्याच्या अल्कलाइन फॉस्फटेज या विकराकडे दोन अंगांनी पाहिले गेले. आजारी बाळांच्या शीमध्ये हे विकर जास्त प्रमाणात पडते, पण त्याची कार्यशक्ती घटलेली असते, असा जोडनमुना आढळला. आतड्याबाहेरच्या जंतुसंसर्गात तो दिसला नाही. एका रेणूची संख्या आणि त्याचे काम अशा दोन बाजू एकत्र धरण्याची ही कल्पना मला पटते, कारण नुसती सूज दाखवणारी खूण रक्तातल्या संसर्गातही वाढते आणि डॉक्टरला तर नेमका हाच फरक हवा असतो. शीच्या सगळ्याच चाचण्यांना एक साधा अडथळा आहे, ज्याचा उल्लेख शोधनिबंधांत पुरेसा येत नाही: आतडे थबकलेले बाळ शी करत नाही. ज्या दिवशी नमुना हवा, त्याच दिवशी लंगोट कोरडा असतो. लघवीचे पारडे तिथे जड होते, जरी अतिआजारी बाळाची लघवीही कमी होत असली.

आता भाकिताच्या स्वप्नाकडे. शीमधल्या जंतूंच्या जनुकीय तपासण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१७ साली झाले, तेव्हा आजारापूर्वी प्रोटिओबॅक्टेरिया गटाचे जंतू वाढलेले आणि इतर काही गट घटलेले दिसले. नेदरलँड्समध्ये इलेक्ट्रॉनिक नाकाने शीच्या वासातल्या वायूंचा ठसा घेऊन आजाराची चाहूल आधी लागते का, हे पाहिले गेले. ब्रिटनमध्येही अशा वायूंवर मोठे काम झाले. विज्ञान म्हणून हे सारे उत्कंठावर्धक आहे, आजार कसा जडतो हे त्यातून उलगडेल. पण सगळ्या लहान बाळांवर रोज लावायची चाचणी म्हणून पाहिले, तर साधे अंकगणित आड येते. दीड किलोखालची १,००० बाळे घ्या आणि त्यांतल्या ७० जणांना आजार होणार असे धरा. चाचणी शंभरातली ९० आजारी बाळे पकडते आणि शंभरातल्या ९० निरोगी बाळांना बरोबर मोकळे सोडते, अशी उत्तम कल्पना करा. ती ६३ आजारी बाळे पकडेल आणि सोबत ९३ निरोगी बाळांवर बोट ठेवेल. चाचणीने ‘आहे’ म्हटलेल्या पाच बाळांपैकी तिघांना काहीच झालेले नसेल. आणि हे एका वेळच्या चाचणीचे झाले. रोज महिनाभर केली तर खोट्या हाका किती वाढतील? वर दिलेली किंमत त्या प्रत्येक बाळाने मोजायची. तेवढीच अचूक चाचणी फक्त संशयित १०० बाळांवर लावा, ज्यांतल्या ३० जणांना खरा आजार आहे. आता २७ खरी आणि ७ खोटी हाक. म्हणजे पाचांपैकी चारांच्या बाबतीत ती खरी. चाचणी तीच, पण प्रश्न अचूक विचारल्याने तिचे मोल पालटले. या क्षेत्रातले बरेच अभ्यास मात्र ठळक आजारी बाळे एका बाजूला आणि धडधाकट बाळे दुसऱ्या बाजूला ठेवून अचूकता मोजतात. तो भेद तर डोळ्यांनीही दिसतो.

यावर रास्त आक्षेप असा, की आधी चाहूल लागलीच तर बाळाला वाचवता येईल, मग भाकीत का सोडायचे? याला एक चांगले उदाहरणही दिले जाते: हृदयाच्या ठोक्यांतला सूक्ष्म चढउतार मोजून जंतुसंसर्गाचा इशारा देणारी व्हर्जिनिया विद्यापीठातून निघालेली प्रणाली. ३,००३ बाळांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिच्या वापराने मृत्यूचे प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ८.१ टक्क्यांवर आले. हे यश मी कमी लेखत नाही. पण तिथे इशाऱ्यानंतर करायचे काहीतरी हाताशी होते: बाळाकडे लगेच पाहणे, संसर्गाची तपासणी, प्रतिजैविक. एनईसीचा इशारा तीन दिवस आधी मिळाला तर करायचे काय? दूध थांबवायचे? तसे केल्याने आजार टळतो याचा पुरावा नाही, आणि आईचे दूध तर कवच आहे. पोटातले उरलेले दूध दर खेपेला ओढून मोजण्याचा रिवाजही असाच इशारा म्हणून वर्षानुवर्षे पाळला गेला. २०१९ साली १४३ बाळांवरच्या यादृच्छिक चाचणीत तो सोडून दिला, तेव्हा बाळांचे दूध लवकर वाढले आणि ती लवकर घरी गेली. इशारा देणारी प्रत्येक गोष्ट वापरलीच पाहिजे असे नाही, हे त्यातून दिसते.

मग आज हातात असलेले, न टोचता वापरता येणारे सर्वांत उपयुक्त साधन कोणते? माझ्या मते पोटाची सोनोग्राफी. टोरोंटोच्या बालरुग्णालयातल्या गटाने २००५ साली वाहते रक्त रंगाने दाखवणाऱ्या कलर डॉपलर सोनोग्राफीने आतड्याच्या भिंतीतला रक्तप्रवाह पाहिला आणि निरोगी बाळांत भिंतीची जाडी १.१ ते २.६ मिलिमीटर असल्याचे मोजून ठेवले. जाड झालेली भिंत सुजलेली, पातळ झालेली भिंत मरणाच्या वाटेवर, आणि जिच्यात रंग दिसत नाही तिच्यात रक्त नाही. एक्स-रेला न दिसणाऱ्या या गोष्टी किरणांविना, पेटीतल्या बाळाला न हलवता दिसतात, आणि तासाभराने पुन्हा पाहता येतात. सोनोग्राफीचीही एकेक खूण सुटी धरली तर बरेच रुग्ण निसटतात, हे मान्य करायलाच हवे. तिची ताकद अनेक खुणा एकत्र आणि पुन्हापुन्हा पाहण्यात आहे. त्वचेवरून आतड्यातला ऑक्सिजन मोजणारी पद्धतही आहे. पोट आणि मेंदू यांच्या ऑक्सिजनचे गुणोत्तर ०.७५ च्या खाली गेले तर आतडे उपाशी आहे, असे २००१ साली सुचवले गेले. पण तो अभ्यास लहान होता, आणि हलणाऱ्या आतड्यावर, भरलेल्या मलावर प्रकाशाचे मोजमाप डळमळते. तूर्त तिला मी साहाय्यकाच्या जागी ठेवेन.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आता घेतो. ‘नाही’ म्हणण्याची घाई केली आणि आजार निसटला, तर बाळ जाते. त्यापेक्षा दहा बाळांचे दूध आठवडाभर बंद राहिलेले परवडले, असे अनुभवी डॉक्टर म्हणतील. वरच्याच गणितात ते दाखवताही येते. संशयित १०० पैकी चाचणीने ६६ बाळांना ‘नाही’ म्हटले, त्यांतली ३ आजारी निघाली, म्हणजे बावीसात एक. हा धोका मोठा आहे आणि एका चाचणीच्या एका निकालावर दूध सुरू करा, असे मी म्हणतही नाही. पण निवड ‘एक निकाल’ आणि ‘दहा दिवस उपास’ एवढीच का असावी? संशय आल्याबरोबर दूध थांबवावे, आणि पुढच्या बारा, चोवीस, छत्तीस तासांत सोनोग्राफी आणि लघवीची चाचणी पुन्हापुन्हा करावी. आजार खरा असेल तर तो या वेळात सहसा पुढे सरकतो, खुणा वाढतात. प्रत्येक वेळी भिंत नीट, रक्त खेळते, आतडे हलते, आय-एफएबीपी चढत नाही, आणि बाळाची तब्येतही सुधारते आहे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईचे दूध पुन्हा सुरू करण्याचे धैर्य त्या चाचण्यांनी द्यायला हवे. दोन चाचण्यांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच बाळाबाबत चुकण्याची शक्यता बरीच कमी होते. त्या खरोखर स्वतंत्र आहेत का, हे मात्र मोजूनच कळेल. सध्याच्या सबुरीलाही किंमत आहे, ती वेगळ्या रकान्यात, शिरेतल्या नळीचा संसर्ग या नावाने नोंदली जाते, म्हणून नजरेआड राहते.

आपल्याकडे या प्रश्नाचे वजन वेगळे आहे. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे मुदतीपूर्वी जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या आसपास भारतात. त्यांतली बहुसंख्य थोडीच आधी जन्मलेली आणि या आजारापासून तुलनेने सुरक्षित असली, तरी अतिलहान बाळांचा आकडाही लहान नाही. जनुकीय तपासणीची यंत्रे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात लवकर येणार नाहीत, सोनोग्राफी येऊ शकते. तिच्या वाटेत महाराष्ट्रापुरता एक खास पेच आहे. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला आणि १९९४ चा केंद्रीय कायदा त्यानंतर आला. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि हलवता येणाऱ्या यंत्रावर तर विशेष निर्बंध आहेत. हा कायदा मुलींसाठी केला आहे, त्यामुळे तो ढिला करण्याचा विचारही नको. नवजात कक्षाच्या जागेसाठीच यंत्राची नोंदणी, नवजात तज्ज्ञांना पोटाच्या सोनोग्राफीचे रीतसर प्रशिक्षण आणि प्रत्येक तपासणीची नोंद, हे कायद्याच्या चौकटीत बसवता येण्याजोगे काम आहे. मुंबईत शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली; आईचे दूध कमी पडलेल्या बाळाला दुसऱ्या आईचे दूध मिळण्याची सोय तेव्हापासून आपल्या घरात आहे. दूध आणि सोनोग्राफी यांची सांगड घालणारी चाचणी अशा रुग्णालयांतच उभी राहू शकते: संशयित बाळांचे दोन गट, एकात नेहमीची पद्धत, दुसऱ्यात पुन्हापुन्हा केलेली सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी. मोजायच्या गोष्टी चार. निसटलेले रुग्ण, शिरेतल्या नळीचे संसर्ग, प्रतिजैविकांचे दिवस, आणि बाळ आईच्या दुधाविना राहिले ते तास.